मनोहरभाऊंची दहा मिनिटं

गाडी समोर उभी, दरवाजे सताड उघडे, सीट रिकाम्या, ड्रायव्हर शेजारी उकिडवा बसून शेंगा खातोय, आणि तुम्ही मात्र भर उन्हात बाहेर तिष्ठत, असा प्रवास तुम्ही कधी केलाय? आम्ही केलाय. पवनारात एक घर दाखवा जे मनोहरभाऊंच्या पांढऱ्या व्हॅनशेजारी असं उभं राहिलेलं नाही. कोणी आत पाय टाकायला गेलं की ते तोंडाने काही बोलायचे नाहीत. दोन्ही हात वर करायचे, पंजे पसरून. दहा बोटं, म्हणजे दहा मिनिटं. सीटवर, हँडलवर, काचेच्या कडेवर लावलेलं औषध तेवढा वेळ ओलं राहिलं पाहिजे, मगच माणसाने बसायचं. बसस्टँडवरची पोट्टी त्यांना बघून लांबूनच पंजे दाखवायची, आणि मनोहरभाऊ हसून परत दाखवायचे.

मनोहरभाऊ आता नाहीत. गेल्या दिवाळीनंतर गेले. तेरवीला लोक भरभरून बोलले, मी मात्र कढीभात चिवडत बसले. कारण या माणसाला मी एकदा एक वाक्य बोलले होते. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला बोलतानाच ठाऊक होतं. त्यांनी ते खरं धरलं आणि शेवटपर्यंत उराशी बाळगलं. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. आता मागे राहिलेय मी आणि हा कागद.

मी वर्ध्याला शाळेत शिकवते. आमचे हे शेती बघतात. धाम नदीच्या काठाला आमचा भाजीपाला असतो, वांगी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. मनोहरभाऊ आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. उंच, काटकुळे, पँटचे पाय कायम दुमडलेले. दोन्ही खांद्यांवर दोन फडकी: उजव्यावर पिवळं, ते मळाचं. डाव्यावर निळं, ते औषधाचं. पिवळ्याचं काम निळ्याला सांगायचं नाही. निर्मलाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा घाईत निळ्या फडक्याने ओटा पुसला, तर हा माणूस दिवसभर रुसून बसला होता.

"आधी मळ, मंग दवा," ते म्हणायचे. "मळावर दवा टाकली त मळच दवा पिऊन घेते, मॅडम. रोगाले काय भेटते मंग?"

त्यांच्या गाडीतली माणसं बहुतेक आजारीच. पवनारहून सावंगीला मोठ्या दवाखान्यात जाणारी. कोणाची किमो, कोणाचं डायलिसिस, कोणाची दिवस भरलेली लेक. बस आहे, ऑटो आहेत, पण आजारी माणसाला बसमध्ये चढवायचं म्हणजे काय ते ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्यालाच विचारा.

हे पुसण्याचं वेड त्यांना जन्मजात नव्हतं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये सगळीकडे फवारणी सुरू झाली, रस्त्यावर, भिंतींवर, झाडांवरसुद्धा. मनोहरभाऊंना वाटलं, आपणही फवारावं. फवारायला आपल्याकडे काय असतं? पाठीवरचा पंप. भावाच्या शेतातून त्यांनी तो आणला, दोनदा साध्या पाण्याने विसळला, त्यात ब्लीचिंगचं पाणी भरलं आणि व्हॅनचा कानाकोपरा भिजवला. वर काचा लावून ठेवल्या. औषध मुरलं पाहिजे ना! आता कपाशीवर वर्षानुवर्षं विष मारलेला पंप दोनदा विसळून कुठे साफ होतो? पण त्या दिवसांत कोणाचं डोकं ठिकाणावर होतं म्हणा. रोहण्याला दिलेली गावातली एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन ते निघाले. वर्धा येईस्तोवर तिचे डोळे वाहू लागले, सावंगीच्या फाटकापाशी ती भडभडून ओकली.

फाटकावर कुंदा सिस्टर नावाच्या एक जुन्या नर्स उभ्या होत्या. त्यांनी मुलीला आत पाठवलं, व्हॅनमध्ये डोकं घातलं आणि बाहेर काढून म्हणाल्या, "कपाशीचं औषध मारलं काय जी याच्यात? माणसं नेता का बोंडअळ्या?"

मुलगी संध्याकाळपर्यंत ठीक झाली, पुढे बाळंतपणही सुखरूप झालं. पण मनोहरभाऊ दिवसभर दवाखान्याच्या भिंतीशी बसून होते. ड्युटी संपल्यावर कुंदा सिस्टर बाहेर आल्या, तर हे तिथेच. मग त्या बाईंनी तिथल्या तिथे एक फडकं घेऊन त्यांना शिकवलं. फवारायचं नाही, पुसायचं. आधी साबणाचं पाणी, मग हायपो. दवाखान्यात त्या ब्लीचच्या पाण्याला हायपोच म्हणतात. ते रोज ताजं कालवायचं, कालचं आज चालत नाही. दुसऱ्या कशात मिसळायचं नाही. वरून खाली पुसत यायचं, स्वच्छ बाजूकडून घाणेरड्या बाजूकडे. काचा उघड्या ठेवायच्या. आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. मनोहरभाऊंनी हे सगळं लहानपणी पाढे शिकावे तसं पाठ केलं.

"फवारा हवेत उडून जाते," ते नंतर सांगायचे. "माणसाचा हात जिथं लागला, रोग तिथं राह्यते. म्हणून माणूस कुठी हात ठेवते, ते पाहावं."

आणि ते पाहायचे. आरशातून रस्त्याइतकंच लक्ष माणसांच्या हातांकडे. निर्मलाकाकू सीटच्या पट्ट्याचं कुलूप उगाच चाळवत बसतात, मी समोरच्या सीटचा कोपरा धरते, आमचे हे काच खाली-वर करत राहतात, हे सारं त्यांच्या ध्यानात. आम्ही उतरलो की बरोबर त्या त्या जागी आधी फडकं जायचं. मला याचा राग यायचा, खरं सांगते. आपण उतरतो न उतरतो तोच कोणी आपल्या हाताची जागा पुसून काढतोय, बघायला बरं वाटतं का? मी एकदा म्हटलं, "भाऊ, आम्ही काय महारोगी आहोत?"

"तसं नाई जी," ते शरमून म्हणाले. "आता तुमच्या जागेवर किमोवाली काकू बसन. तिच्या अंगात आता लढाले कोणी नाई राह्यलं."

त्या वर्षी एक लग्न होतं, मोजक्या माणसांचं, आणि नवरदेवाला न्यायला हीच व्हॅन ठरली होती. नवरदेव बाशिंग बांधून दारात हजर, मुहूर्त जवळ आलेला, आणि मनोहरभाऊ निळं फडकं फिरवतायत. फिरवून झालं आणि पंजे वर. नवरदेवाचे मामा चिडले. "अहो, मुहूर्त टळन न बापा! कायले वेळ लावून राह्यले?"

"टळू द्या. सकाळी एक माणूस याच सीटवर ओकला हाये. बसवू का नवरदेवाले? मंग वरात मांडवात नाई, सावंगीले नेतो."

नवरदेव बिचारा दहा मिनिटं उन्हात. बाशिंगाच्या मुंडावळ्यांतून घाम गळतोय, वाजंत्रीवाले दोघंच, ते तेच तेच वाजवतायत. आम्ही हसून हसून बेजार. तो मुलगा आजही भेटला की सांगतो, लग्नात सर्वात आधी आपण थांबायला शिकलो.

निर्मलाकाकूंनी एकदा हौसेने गाडीत मोगऱ्याच्या वासाची बाटली टांगली होती. ती तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर. "वास मारला म्हणजे रोग मेला का?" ते म्हणाले. "नाकाले काय समजते?"

पण नाकाला समजतं. मला समजलं होतं. आता तेच सांगायचंय.

माझे सासरे, आमचे मामंजी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचे. डाव्या हातात सुया टोचायच्या म्हणून तो हात पोटाशी धरून बसायचे, आणि उजव्या हाताने खिडकीच्या वरचं कडं धरायचे, ते प्लॅस्टिकचं, आधाराला असतं ते. जागा ठरलेली, मागची, खिडकीची. मनोहरभाऊ आणि ते दोघंही कमी बोलणारे. जाताना एक वाक्य, येताना एक. मामंजी म्हणायचे, "याच्या गाडीत मले दवाखान्यापेक्षा बरं वाटते."

दुसऱ्या लाटेत गावातल्या गाड्या बंद पडल्या. म्हणजे गाड्या चालू होत्या, माणसांची हिंमत बंद पडली. मनोहरभाऊ एकटे जात राहिले. डायलिसिस काही लाट ओसरायची वाट बघत नाही. एके दिवशी नदीपलीकडच्या वस्तीवरचा एक माणूस धापा टाकत होता, त्याला त्यांनी नेलं. तो वाचला नाही. दुसऱ्या दिवशी मामंजींची पाळी होती. आदल्या संध्याकाळी मी भिंतीवरून पाहिलं, त्यांनी व्हॅन अंगणात घेऊन दोनदा पुसली होती, सकाळी पुन्हा एकदा. सीटची खोळसुद्धा काढून धुतली होती.

याच्या चार दिवस आधी मला ताप आला होता. अंग दुखत होतं, घसा धरला होता. मी कोणाला बोलले नाही. गोळी घेतली आणि कामाला लागले. दुपारी बाजारासाठी सांभाराच्या जुड्या बांधत बसले होते. ताजा, ओला, गावरान सांभार, ज्याचा वास रस्त्यापर्यंत जातो. मी एक जुडी सहज नाकाशी धरली. काही नाही. पानं चुरगळली, पुन्हा हुंगली. काही नाही. तेव्हाच मला कळलं.

आणि मी काय केलं? जुड्या बांधल्या. सांगितलं असतं तर मला उचलून विलगीकरण केंद्रात नेलं असतं, दाराला पाटी लागली असती, आमची भाजी कोणी घेतली नसती, मामंजींच्या डायलिसिसचं काय झालं असतं कोणास ठाऊक. अशी सतरा कारणं होती, आणि त्यातलं प्रत्येक तेव्हा खरं वाटत होतं. तोंडाला पदर बांधला की झालं, असं मनाला सांगितलं. मामंजींचा चहा मीच नेऊन देत होते. गोळ्या मीच हातावर ठेवत होते.

आठवड्याच्या आत त्यांना ताप आला, आणि नंतर दहा-बारा दिवसांत सगळं संपलं. त्यांना घरी आणता आलं नाही. हे एकटेच परस्पर सगळं उरकून आले आणि अंगणात बादलीशेजारी बसून राहिले. तेवढ्यात फाटकाबाहेर मनोहरभाऊ येऊन उभे राहिले. तोंडाला मास्क, खांद्यांवर तीच दोन फडकी. आत आले नाहीत, लांबूनच हात जोडले.

माझं काय बिनसलं कोण जाणे. कोण जाणे कशाला, मलाच ठाऊक आहे. खाई त्याला खवखवे. आतून मला कोणीतरी विचारत होतं, आणि मी उत्तर द्यायच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी पुढे करायचं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी ओरडले, "आता काय पुसायला आलात? तुमच्याच गाडीतून आला तो रोग! आदल्या दिवशी तो मेलेला माणूस नेलात, अन् दुसऱ्या दिवशी आमचे मामंजी बसवलेत!"

ह्यांनी मला "अवं, चूप" म्हटलं. मनोहरभाऊंचा हात निळ्या फडक्यावर गेला, तिथेच थोडा वेळ राहिला. मग वळून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून कुरकुर आवाज आला म्हणून पाहिलं. ते व्हॅनमध्ये गुडघ्यांवर बसले होते, हातात स्क्रू ड्रायव्हर. खिडकीवरचं ते कडं त्यांनी काढलं. पुसलं नाही, टाकलंही नाही, एका जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरात नेलं.

महिन्याभराने मी तुळशीला पाणी घालत होते. ते भिंतीपाशी आले.

"मॅडम, एक इचारू का?"

"विचारा न भाऊ."

"ते वरचं कडं... त्या दिवशी म्या पुसलं होतं का नाई, मले आठवून नाई राह्यलं. बाकी सारं आठवते. दांडा पुसला, सीट पुसली, कुलूप पुसलं, काच पुसली. कड्यापाशी आलो की पुढं दिसतच नाई. अन् बुढे बाबा तेच धरत होते न जी."

बोलायची हीच वेळ होती. दोन वाक्यं लागली असती. मी म्हटलं, "जाऊ द्या भाऊ. झालं ते झालं." वर माझा आवाज क्षमा केल्यासारखा मऊ निघाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, हे तर त्याहून वाईट झालं. मी माफ केलं म्हणजे गुन्हा त्यांचाच, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं.

त्यानंतर त्यांचं पुसणं बदललं. पूर्वी पुसता पुसता गुणगुणायचे, ते बंद. मखमली खोळी फाडून रेक्झिन बसवलं. दहा मिनिटांची वीस झाली. हायपोचं माप वाढलं; कुंदा सिस्टर ओरडल्या की जास्त औषधाने रोग जास्त मरत नाही, माणूस मरतो. तरी ऐकेनात. हातमोजे घालायचे नाहीत, म्हणायचे, मोज्यातून मळ कळत नाही. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, त्यात औषध जायचं. मग खोकला लागला, कोरडा, न थांबणारा. निर्मलाकाकू माझ्यापाशी येऊन रडायच्या, "मॅडम, तुमचं आयकतात ते. तुमी सांगा न त्याहिले." मी सांगायची. मला जे सांगायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं सांगायची.

लोकांनी मास्क काढले, हात मिळवायला लागले, लग्नांत पुन्हा पंगती बसू लागल्या. "रोग गेला आता, मनोहरभाऊ," लोक म्हणायचे.

"कोणता?" ते विचारायचे.

वीस मिनिटं उन्हात कोण उभं राहणार? माणसं ऑटोने जाऊ लागली. शेवटी किमोवाली दोन-चार घरं तेवढी उरली. मग खोकल्याने त्यांना गाडी चालवणं होईना, तेव्हा त्यांनी व्हॅन गावातल्याच एकाला देऊन टाकली. देताना त्याला अर्धा दिवस पुसायला शिकवलं. तो पोट धरून हसत आम्हाला सांगत होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी सावंगीला गेले होते, आमच्या शाळेतल्या एक बाई भरती होत्या म्हणून. फाटकाजवळ ती पांढरी व्हॅन येऊन थांबली. मागचा दरवाजा सरकला आणि मनोहरभाऊ उतरले. निम्मे राहिले होते. निर्मलाकाकू केसपेपर काढायला पुढे गेल्या. मनोहरभाऊ मात्र गेले नाहीत. व्हॅनकडे वळले, खांद्यावरचं निळं फडकं काढलं, खिशातून छोटी बाटली काढली, आणि आपण बसलो होतो ती सीट, आपण धरलेला दांडा, सगळं पुसू लागले. एक हात फिरवायचे, थांबून श्वास घ्यायचे.

मी धावत गेले. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांच्याकडे पाहूनच कळत होतं.

"भाऊ, ऐका माझं. मामंजींना तुमच्या गाडीतून नव्हता झाला. मला झाला होता. आधी मला. सांभाराचा वास येत नव्हता मला, मी लपवलं. मीच त्यांना दिला. मी तुम्हाला खोटं बोलले."

एका दमात सगळं बोलले मी. भर रस्त्यात रडत होते. त्यांनी फडकं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं. इतक्या मायेने पाहिलं की त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"तुमी लय चांगल्या मनाच्या हा, मॅडम," ते म्हणाले. "मी चाललो म्हणून माझं मन हलकं कराले आल्या. पण मले माहीत हाये न जी. ते कडं राह्यलंच होतं."

"नाही हो भाऊ! खरं सांगतेय मी, मामंजींची शपथ—"

"बुढ्या बाबाची शपथ नोका घेऊ," ते म्हणाले, आणि उरलेला दांडा पुसायला लागले. तेवढ्यात काकू आल्या आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या.

व्हॅनवाल्याला परतीचं गिऱ्हाईक मिळालं होतं, एक म्हातारे बाबा, पांढरं धोतर, सोबत सून. बाबांनी आत पाय टाकला. तिकडे दवाखान्याच्या पायऱ्यांवर मनोहरभाऊ थांबले, मागे वळले आणि दोन्ही हात वर केले, पंजे पसरून. चिरा पडलेली दहा बोटं मला एवढ्या लांबूनही दिसली. बाबांना काय कळणार? त्यांना वाटलं कोणी ओळखीचं रामराम घालतंय. त्यांनीही हात जोडले. मनोहरभाऊ हात खाली घेईनात. मी बाबांच्या दंडाला धरून त्यांना खाली उतरवलं, तेव्हा कुठे ते आत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत.

"काऊन उतरवलं वं बाई?" बाबांनी विचारलं.

"दहा मिनिटं थांबा, बाबा. ओलं आहे."

सून कुरकुरली, व्हॅनवाला हसला, पण मी दारातून हलले नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं उभी राहिले. मग बाबा चढले, मागच्या, खिडकीच्या जागेवर बसले. बसताना त्यांचा हात आधाराला वर गेला आणि खिडकीवरच्या पत्र्यावर चाचपडत राहिला. तिथे स्क्रूची दोन भोकं होती.